तुरट पाल्याची परीक्षा

आधी उंदराला पाल्याचा अर्क पाजायचा. अर्ध्या-एक तासाने एरंडेल. मग टीपकागद अंथरलेल्या पिंजऱ्यात त्याला एकट्याला सोडायचे आणि चारेक तास कागदावर ओले डाग किती पडतात ते मोजत बसायचे. अर्क मिळालेल्या उंदरांचे डाग नुसते एरंडेल प्यायलेल्यांपेक्षा पुरेसे कमी भरले, की त्या झाडाच्या नावापुढे ‘अतिसाररोधक’ असे लिहिता येते. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रबंधांत ही परीक्षा वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्या जोडीला बहुतेक वेळा दुसरीही असते, त्याच अर्काची अँटिऑक्सिडंट चाचणी. दोन्ही निकाल एकाच शोधनिबंधात शेजारी-शेजारी छापले जातात आणि बातमीत येईपर्यंत त्यांचे मिळून एकच वाक्य झालेले असते, की अमुक झाडाचा पाला आरोग्याला गुणकारी आहे. त्या वाक्यात नेमके काय हरवते ते पाहण्यासारखे आहे.

धाराशिव जिल्ह्यात परीक्षेला बसवायला पाल्याचा तोटा नाही. मुरमाड माळावर तरवड, बांधावर बाभूळ आणि बोर, बालाघाटच्या उतारांवर धावडा, पळस, सीताफळ, ओढ्याकाठी जांभूळ, परसात पेरू. येडशीच्या रामलिंगाला वाहायला बेल. या झाडांत एक साम्य आहे, ते जिभेला आधी कळते. यांतल्या बहुतेकांचा पाला किंवा साल चावली की तोंड आवळून येते. बाभळीच्या कोवळ्या शेंगा खाऊन पाहिलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. उस्मानाबादी शेळी मात्र तोच पाला काट्यांसकट ओरबाडून खाते आणि तिला काही होत नाही. शेळीला हे तुरटपण गाई-म्हशींपेक्षा बरेच जास्त सोसते.

तुरटपणाचे कारण टॅनिन. टॅनिनाचे रेणू प्रथिनांना चिकटतात आणि त्यांची मोट बांधतात. लाळेतल्या निसरड्या प्रथिनांना ते धरतात म्हणून जीभ कोरडी, खरखरीत लागते. कातडी कमावण्याच्या कुंडात बाभळीची साल आणि तरवडाची साल घालत असत तीही याच गुणासाठी. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन बांधून टाकते, मग ते कातडे कुजत नाही. मराठवाड्यातल्या ढोर समाजाच्या कारागिरांना हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या हाताने माहीत होते. धावड्याच्या पानांतही टॅनिन भरपूर असते आणि त्यांचाही कातडी कमावायला उपयोग होत आला आहे. हेच रेणू सुजलेल्या, पाणी गाळणाऱ्या आतड्याच्या अस्तराला लागले, तर वरच्या थरातली प्रथिने आवळली जातात, पाझर कमी होतो. आयुर्वेदात तुरट म्हणजे कषाय रस स्तंभन करणारा मानला आहे तो या अनुभवावरूनच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधींचे दहा-दहाचे जे पन्नास गट दिले आहेत, त्यांत मल बांधणाऱ्या द्रव्यांचा पुरीषसंग्रहणीय हा एक स्वतंत्र गट आहे. लोध्र, आंब्याची कोय, धायटीची फुले, मोचरस अशी मंडळी त्यात बसली आहेत, आणि बहुतेक सगळी तुरट.

झाड टॅनिन आपल्यासाठी बनवत नाही, हे उघड आहे. पाला खाणाऱ्या अळीचे आणि जनावराचे पचन बिघडवायला, बुरशीला अडवायला आणि कडक उन्हाचा मारा सोसायला ही फिनॉल जातीची रसायने कामी येतात. टॅनिन, क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड्स, गॅलिक आम्ल हे सगळे त्याच कुळातले. प्रखर ऊन आणि पाण्याची ओढ असली की अनेक झाडे ती जास्त बनवतात. त्यामुळे अवर्षणग्रस्त जिल्ह्यातला पाला औषधी रसायनांनी भरलेला असणे नवलाचे नाही. मात्र ज्येष्ठातला पाला आणि भाद्रपदातला पाला एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही, आणि कितीतरी निबंधांत पाला कोणत्या महिन्यात तोडला याची नोंद एका ओळीत उरकलेली असते.

आता प्रयोगशाळेत शिरू. पाला सावलीत वाळवतात, कारण उन्हात काही घटक मोडतात. त्याआधी झाडाची ओळख पक्की करून घेतात. आपल्याकडे त्यासाठी फांदीचा वाळवलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे किंवा एखाद्या जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठवतात. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण गावोगाव एकाच नावाने दोन वेगळी झुडपे ओळखली जातात तेव्हा तिचे मोल कळते. मग भरड, चाळणी आणि सॉक्स्लेट उपकरण. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1879 मध्ये हे काचेचे उपकरण दुधातली चरबी मोजण्यासाठी बनवले होते. आज जगभरातल्या औषधी पाल्याचे सत्त्व बऱ्याचदा त्यातूनच काढले जाते. वाफ वर जाते, थंड होऊन भुकटीवर ठिबकते, सत्त्व घेऊन खाली उतरते आणि पुन्हा उकळते. आधी पेट्रोलियम ईथरने मेण आणि चरबी काढून टाकतात, मग मेथेनॉल किंवा इथेनॉल वापरतात. शेवटी द्रावक उडवून टाकला की तळाशी काळपट हिरवा चिकटा उरतो. ‘पानांचा अर्क’ म्हणतात तो हा.

इथे एक गोष्ट खटकते. गावात कुणी मेथेनॉलमध्ये पाला उकळत नाही. घरचा काढा पाण्याचा असतो. मेथेनॉलमध्ये जे उतरते ते सगळे पाण्यात उतरतेच असे नाही, आणि उलटही खरे. तरीही परंपरेतल्या वापराचा दाखला देऊन सुरू झालेला निबंध बऱ्याचदा मेथेनॉलच्या अर्कावर येऊन थांबतो, कारण त्यात आकडे चांगले येतात.

अँटिऑक्सिडंट चाचणी दिसायला मोठी सुरेख असते. डीपीपीएच नावाचा एक पदार्थ मेथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळे द्रावण तयार होते. हा स्वतःच एक स्थिर मुक्तमूलक आहे, म्हणजे त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो. पाल्याच्या अर्काने त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचे, 517 नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजायचे, क जीवनसत्त्वाशी तुलना करायची, की झाले. ही पद्धत 1958 मध्ये मार्सडेन ब्लॉइस यांनी मांडली. स्वस्त, झटपट आणि हुकमी. हुकमी म्हणण्याचे कारण असे, की तुरट पाला असेल तर ही चाचणी जवळजवळ नेहमीच सकारात्मक येते. बाभळीचा पाला, जांभळाचा, पेरूचा, कुठलाही घ्या, रंग उडणारच, कारण फिनॉल जातीच्या रसायनांचा तो स्वभावच आहे. नापास होण्याची शक्यता इतकी कमी असेल, तर पास होण्याला किती मान द्यायचा?

डीपीपीएच माणसाच्या शरीरात कुठेच नसतो. शरीरातले मुक्तमूलक वेगळे, त्यांचा मुक्काम क्षणभराचा, आणि ते सगळे वाईटही नाहीत. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. वार्धक्यामागे मुक्तमूलक असावेत, हा विचार डेन्हम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडला आणि त्यातून अँटिऑक्सिडंटचे युग सुरू झाले. गोळ्या आल्या, भुकट्या आल्या, रस आले. त्याला मोठा धक्का 1994 मध्ये बसला. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे 18 टक्क्यांनी वाढलेला आढळला. तशीच एक अमेरिकी चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. कोणत्या अन्नाची अँटिऑक्सिडंट क्षमता किती, हे सांगणारा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला. नळीतल्या आकड्यांवरून शरीरातल्या परिणामाचा अंदाज बांधता येत नाही आणि व्यापारी मात्र त्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर करतात, असे त्यांचे कारण होते.

मग तुरट पाल्याची ही सारी रसायने वायाच का? इथे एक गंमत आहे, आणि मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. टॅनिनसारखे मोठे रेणू आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरतात. फ्लेव्होनॉइड्सही जेवढे गिळले त्यांच्या मानाने रक्तात अल्पच सापडतात आणि तेही रूप बदलून. म्हणजे हृदय, मेंदू, त्वचा यांच्यापर्यंत पोचून अँटिऑक्सिडंट म्हणून काही करून दाखवण्याइतके ते तिथे जातच नाहीत. पण जे रक्तात गेले नाही ते कुठे राहिले? आतड्यात. आणि ढाळ हा रोग आतड्यातलाच आहे. ज्या कारणाने अँटिऑक्सिडंटचा दावा लंगडा पडतो, त्याच कारणाने अतिसाराचा दावा पायावर उभा राहतो. औषधाला रक्तात शिरण्याची गरजच नाही. ते जागेवर पोचलेले असते आणि तिथे त्याची मात्राही भरपूर असते.

तेव्हा दुसऱ्या परीक्षेकडे, म्हणजे एरंडेलाच्या उंदरांकडे, अधिक गांभीर्याने पाहायला हवे. एरंडेलाने ढाळ का होतात याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. आतड्यात एरंडेल फुटून रिसिनोलिक आम्ल सुटते, हे जुने ज्ञान होते. ते आतड्याच्या स्नायूंवरच्या ईपी3 नावाच्या प्रोस्टाग्लँडिन ग्राहकाला जाऊन भिडते आणि आतडे जोराने आकुंचू लागते, हे जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले. हा ग्राहक नसलेल्या उंदरांवर एरंडेलाचा असर झाला नाही. म्हणजे एरंडेलाची परीक्षा मुख्यतः एवढेच सांगते, की अर्काने आतड्याची धावपळ कमी केली. कोळशाच्या भुकटीची जोडपरीक्षाही तेच मोजते. डिंकाच्या पाण्यात कालवलेला कोळसा पाजून अर्ध्या तासात तो आतड्यात किती लांब गेला हे त्यात पाहतात.

पण पहिल्या पावसात गढूळ झालेल्या विहिरीचे पाणी पिऊन ज्याला ढाळ लागतात, त्याच्या पोटात एरंडेल नसते. तिथे ई. कोलाय असतात, शिगेला असतात, लहान मुलांत रोटाव्हायरस, कधी जिआर्डिया. ते आतड्याला चिकटतात, काही पेशींत घुसतात, काही विष सोडतात आणि त्या विषाने आतड्याच्या पेशी पाणी-मीठ ओकू लागतात. अशा वेळी नुसते आतडे मंदावणे नेहमी हिताचे नसते. आव पडत असेल, ताप असेल, तर जंतूंना आत कोंडून ठेवल्यासारखे होते. तुलनेसाठी उंदरांना लोपेरामाइड हे आतडे मंदावणारे औषध देतात, तेही लहान मुलांना ढाळात देऊ नये असे डॉक्टर बजावतात. चरकसंहितेतही आमयुक्त अतिसारात सुरुवातीलाच स्तंभन करू नये, असे बजावले आहे. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन्ही शास्त्रे इथे एकाच सावधगिरीवर आली आहेत. प्रबंधांच्या प्रस्तावनेत चरक असतो, पण हा इशारा क्वचित दिसतो. शिवाय उंदराला अर्क आधी मिळतो आणि ढाळ नंतर लागतात. माणसाच्या घरात क्रम उलटा असतो.

याहून चांगला प्रश्न विचारणारे काम महाराष्ट्रातच झाले आहे. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभी केली. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात परिंचे परिसरात ग्रामीण आरोग्याच्या कामाशीही त्यांचा घट्ट संबंध होता. या संस्थेतल्या तन्नाझ बिर्डी, पूनम दासवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरवळजवळच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रातल्या पी. तेताली यांच्या सोबतीने ढाळावरच्या वनस्पती तपासल्या. मेथेनॉलमध्ये नाही, पाण्याच्या काढ्यात. आणि प्रश्न असा होता, की हा काढा जंतूंच्या कामाच्या कोणत्या टप्प्यावर आडवा येतो?

कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या गराचा काढा त्यांनी 2009 मध्ये तपासून मांडला. निकाल अनपेक्षित होता. जिआर्डिया आणि रोटाव्हायरस यांना त्याने मारले, पण तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. ‘जंतुनाशक नाही’ म्हणून इथेच पुष्कळांनी वही मिटली असती. त्यांनी पुढे पाहिले. काढ्यामुळे जिवाणूंचे पेशीला चिकटणे आणि पेशीत घुसणे बरेच कमी झाले. कॉलऱ्याचे विष कमी तयार झाले आणि ते आतड्याच्या ज्या रेणूला जाऊन चिकटते तिथे त्याची पकडही सैल पडली. ई. कोलायच्या एका विषावर मात्र काहीच परिणाम झाला नाही. जंतू जिवंत, पण त्याची बरीचशी हत्यारे बोथट. रामलिंगाला आपण बेलाचे पान वाहतो, पण ढाळावरचा गुण आहे कच्च्या फळात. पिकलेले बेलफळ उलट पोट मोकळे करते. पानाची, कच्च्या फळाची आणि पिकल्या फळाची गोष्ट एकच समजणे हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ आहे.

पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, त्यांनी पेरूच्या पानांचा काढा घेतला. त्याने शिगेला आणि कॉलऱ्याचे जंतू मारले, दोन विषे कमी केली, चिकटणे आणि घुसणे दोन्ही अडवले. मग पेरूच्या पानातले नावाजलेले द्रव्य क्वेर्सेटिन वेगळे घेऊन तीच परीक्षा घेतली. क्वेर्सेटिनने जंतू मारले नाहीत, विषांना हात लावला नाही, चिकटणे थांबवले नाही. पेशीत घुसणे तेवढे रोखले. म्हणजे काढ्यातले बाकीचे काम इतर घटकांचे, किंवा सगळ्यांच्या मिळून होण्याचे. एक द्रव्य शोधून गोळी करण्याच्या घाईला हा चांगला लगाम आहे. अँटिऑक्सिडंटच्या तक्त्यांत याच क्वेर्सेटिनचा थाट मोठा असतो, हेही इथे आठवावे.

या गटाने 2020 मध्ये माणसांवरची चाचणीही प्रसिद्ध केली. ढाळ लागलेल्या प्रौढांना जलसंजीवनीसोबत पेरूच्या दहा पानांचा काढा दिवसातून तीनदा दिला. त्यांचे पोट सुमारे 72 तासांत ताळ्यावर आले. नुसती जलसंजीवनी घेणाऱ्यांना 120 तास लागले. कुणाला काय मिळाले हे रुग्णांनाही माहीत होते, त्यामुळे निकाल थोडा सावधपणे वाचायला हवा. पण चाचणी पाण्याच्या काढ्याची, माणसावरची आणि खऱ्या ढाळावरची होती. डीपीपीएचच्या शंभर निबंधांपेक्षा मी तिला जास्त किंमत देईन.

त्या चाचणीत जलसंजीवनी कुणाचीच काढून घेतलेली नव्हती, हे विसरू नये. ढाळाने माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावची छावणी भरून गेली होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिपांतून तोंडावाटे पाजायला लावले आणि सुमारे 30 टक्के असलेला मृत्युदर 3.6 टक्क्यांवर आला. ग्लुकोजसोबत सोडियम आतड्यातून आत ओढले जाते आणि त्यामागून पाणी, एवढेच त्यातले मर्म. विष कितीही असले तरी ही वाट उघडी राहते. आशाताईंकडे मिळणारे पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाला त्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस झिंक. पेरूच्या पानांचा काढा यानंतरचा, याच्या ऐवजी नव्हे. रक्त पडत असेल, मूल सुस्तावले असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद झाली असेल, तर काढ्याचा विचार सोडून दवाखाना गाठायचा. आणि ढाळ थांबल्यावर ‘पोटाला चांगला’ म्हणून तुरट काढा रोज पिण्याचेही कारण नाही. टॅनिन जसे प्रथिनांना धरते तसे अन्नातल्या लोहालाही धरून ठेवते. आपल्या घराघरांतल्या बायका-मुलींमधला पांडुरोग पाहता ही चैन परवडणारी नाही.

आणि मुळात ढाळ येतात ते बऱ्याचदा पाण्यातून. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आपल्या आरोग्य विभागात आहे. जलसुरक्षकाने विहिरीत टीसीएल ही ब्लीचिंग पावडर वेळेवर टाकली का, हा प्रश्न पाल्याच्या कोणत्याही गुणाआधी येतो. टंचाईत टँकरचे पाणी ज्या गावांना घ्यावे लागते त्यांना तर तो दुप्पट लागू आहे.

तरीही धाराशिवच्या पाल्यावर काम व्हावे, असे मला मनापासून वाटते, फक्त वेगळ्या पद्धतीने. धावडा आणि तरवड यांची पाने उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळी तोडावीत. तरवडाच्या पानांना तर आधी विषारीपणाची आणि रेचकपणाची परीक्षा लावावी, कारण सोनामुखी त्याच्याच कुळातली आहे आणि तिच्या पानांनी पोट सुटते, बांधले जात नाही. काढा पाण्यात करावा, किती पाण्याचे किती उरवले ते लिहावे. मात्रेचा हिशेबही मांडावा. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क दिला, तर शरीराच्या आकारमानाच्या नेहमीच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाला तो सुमारे दोन ग्रॅम होतो. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघत असेल, तर वीस ग्रॅम पाला झाला. एवढा पाला कुणी घरी उकळून पिईल का, हे निबंधातच लिहायला काय हरकत आहे? मग शिगेला आणि ई. कोलाय यांच्यासमोर तो काढा ठेवावा आणि ते पेशीला चिकटतात का, विष किती सोडतात, ते पाहावे. रंग जांभळ्याचा पिवळा झाला की नाही, ते शेवटी एका ओळीत लिहिले तरी पुरे.